कॉलेजचा डगआउट की मायनर लीगची बस? खेळणं थांबल्यावर कोच व्हायचंय त्यांच्यासाठी

2025 च्या मे महिन्यातला रविवार. भाच्याचा कॉलेजमधला शेवटचा बेसबॉल सामना नुकताच संपला होता. बाकीची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि हा शॉर्टस्टॉपच्या जागी, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, उकिडवा बसून स्पाइक्सच्या तळात अडकलेली लाल माती बोटाने खरवडत होता. एक बूट झाला, मग दुसरा. निघालेली माती त्याने तिथेच टाकली आणि पायाने सारखी केली. कुंपणाशी आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "मामा, खेळणं संपलं हे कळतंय मला. पण मैदान नाही सोडायचंय."

जुलैत मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलचा, ड्राफ्ट झाला; त्यात संघ नवी मुलं निवडतात. 2019 पर्यंत तो 40 फेऱ्यांचा असायचा, आता 20 चाच असतो. आपलं नाव येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी दोन्ही दिवस लॅपटॉपसमोर बसून होता. सप्टेंबरात त्याच्या हातात दोन पत्रं आली. एक होतं छोट्या कॉलेजातल्या ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागेचं: मास्टर्सची फी माफ, वर मानधन. दुसरं एका मेजर लीग संघाचं, त्यांच्या सगळ्यात खालच्या स्तरावरच्या मुलांना शिकवायच्या नोकरीचं. दोन्हीकडे जानेवारीत रुजू व्हायचं होतं.

ताईचा फोन आला. "अरे, कोच म्हणजे आपल्याकडे शाळेत पी.टी.चे सर असायचे, तसं का रे? त्यावर घर चालतं?" तिच्या आवाजात काळजी होती. घाईने उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. नॅशव्हिलमध्ये राहून मी इतकी वर्षं व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे सामने बघतोय, दोन्ही वाटांनी गेलेली माणसं जवळून पाहिली आहेत. म्हणून वही काढली आणि दोन्ही वाटा शेजारी शेजारी मांडल्या. तेच इथे देतोय. अमेरिकेत आपली बरीच मुलं आता बेसबॉल खेळतात, त्यातल्या कुणाच्या तरी घरी पुढेमागे हाच प्रश्न येईल.

दोन्हीकडे दिवस कसा जातो

कॉलेजचा मोसम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, नियमित सामने 56. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी एकाच प्रतिस्पर्ध्याशी मालिका आणि मंगळवारी किंवा बुधवारी एखादा जादा सामना. मग 64 संघांची स्पर्धा, त्यातून 16, त्यातून आठ, आणि ते आठ जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाला जातात. कॉलेज वर्ल्ड सिरीज तिथे 1950 पासून भरते. या जगात 'ओमाहा' हा शब्द आपल्याकडे 'पंढरपूर' म्हणतात तसा म्हणतात. तिथे पोचलो, एवढ्यानेच माणूस भरून पावतो.

पण सामने चार महिन्यांचे. उरलेले आठ महिने कॉलेजचा कोच काय करतो, तिथे खरी नोकरी आहे. शरद ऋतूतला सराव, मुलांचे मार्क, वेट रूम, मैदानाची डागडुजी, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे पुढच्या मुलांचा शोध.

व्यावसायिक बाजूला एप्रिल ते सप्टेंबर रोज खेळ. 2021 मध्ये मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगखालच्या शिडीची, फेररचना होऊन संलग्न संघ 120 राहिले: 30 मेजर लीग संघ, प्रत्येकाचे चार. सगळ्यात वरच्या ट्रिपल-ए चे 150 सामने, मग डबल-ए चे 138, त्याखालच्या दोन पायऱ्यांना 132. मंगळवार ते रविवार एकाच गावात सहा सामने आणि सोमवारी प्रवास किंवा सुट्टी. याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातली सरावकेंद्रं, आणि प्रत्येक संघाची डोमिनिकन रिपब्लिकमधली अकादमी. भाच्याला आलेलं पत्र या तळातलं होतं. तिथे पोरं 17 ते 20 वर्षांची, निम्मी स्पॅनिश बोलणारी. काम निव्वळ शिकवण्याचं: बॅटचा मार्ग, चेंडूची फिरकी, हाय-स्पीड कॅमेऱ्याचं चित्रण, चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणाऱ्या ट्रॅकमॅन यंत्राचे आकडे. कोणाच्या आईबापांशी बोलायचं नाही, कोणाचे मार्क बघायचे नाहीत. सामना हरलात तरी वरचे फारसं विचारत नाहीत. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा मुलगा, सहा महिन्यांत सुधारला का, एवढंच विचारतात.

नीट बघा, दोन्ही नोकऱ्यांचं नाव 'कोच' असलं तरी माणूस वेगळा लागतो. कॉलेजात तुमच्या हातात मुलगा तीन-चार वर्षं असतो आणि त्याचा संघ जिंकला तर तुम्ही जिंकता. मायनर लीगमध्ये मुलगा चांगला खेळू लागला की त्याच आठवड्यात त्याला वर बोलावणं येतं. तुमचा संघ कमकुवत होतो आणि तेच तुमच्या कामाचं यश असतं. काहींना यात अपार आनंद मिळतो, काहींना दर वेळी चटका बसतो. आपण कोणत्यातले, हे आधी ओळखावं लागतं.

चार माणसं

आकडे बाजूला ठेवून माणसं बघितली तर जास्त कळतं. मी भाच्याला चौघांबद्दल सांगितलं.

पहिले माइक मार्टिन. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचेच खेळाडू, 1965 साली ओमाहाला खेळलेले. नंतर काही मोसम मायनर लीगमध्ये काढले, पण मेजर लीग लांबच राहिली. परत विद्यापीठाच्या गावी, टॅलाहासीला आले, तिथल्या कम्युनिटी कॉलेजात चक्क बास्केटबॉल शिकवलं, मग 1975 पासून आपल्याच विद्यापीठात बेसबॉलचे असिस्टंट आणि 1980 पासून मुख्य कोच. तिथून 2019 पर्यंत, म्हणजे 40 मोसम, ते हलले नाहीत. 2,029 विजय. कॉलेज बेसबॉलमध्ये त्यांच्याआधी एवढे कोणाचेच नव्हते. चाळीसच्या चाळीस मोसमांत किमान 40 सामने जिंकले. 17 वेळा संघ ओमाहाला नेला आणि राष्ट्रीय विजेतेपद एकदाही मिळालं नाही. 1986 आणि 1999 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरले. 2024 च्या फेब्रुवारीत, 79 व्या वर्षी ते गेले.

भाचा म्हणाला, "चाळीस वर्षं आणि एकही नाही? मला नाही झेपणार, मामा." मी त्याला त्यांच्याच एका खेळाडूची गोष्ट सांगितली. 2006 मध्ये जॉर्जियातला एक शॉर्टस्टॉप त्यांच्याकडे आला. पुढच्या वर्षी त्याला कॅचरच्या, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारख्या, जागी बसवलं. वरवर साधा बदल, पण कॅचर होणं म्हणजे दर चेंडूला उकिडवं बसणं, प्रत्येक पिचरचा स्वभाव जाणणं, सगळं मैदान समोरून बघणं. मे 2008 मध्ये सव्हाना स्टेटविरुद्ध तो एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला आणि वर ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा, मारला. त्याच उन्हाळ्यात मेजर लीगच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलं. तो बस्टर पोझी. 2010, 2012, 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदं, आणि 2012 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान. मार्टिनांच्या खात्यात विजेतेपद नाही, पण हा माणूस आहे. पोझीचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतं.

दुसरे टोनी व्हिटेलो. सेंट लुईसचे, वडील शाळेत फुटबॉल आणि बेसबॉलचे नावाजलेले कोच. मिझुरीच्या संघात ते स्कॉलरशिपशिवाय शिरले, फार चमकले नाहीत, व्यावसायिक बेसबॉल एक दिवसही खेळले नाहीत. लगेच असिस्टंट झाले. मिझुरीत आठ मोसम, तिथे मॅक्स शर्झर नावाचा पिचर त्यांच्या हाताखाली होता. मग टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात तीन, आर्कान्सात चार. पंधरा मोसम दुसऱ्याच्या हाताखाली. मुलं हेरून आणण्यात हातखंडा, म्हणून 2017 मध्ये टेनेसी विद्यापीठाने मुख्य कोच नेमलं. विद्यापीठाच्या गावी, नॉक्सव्हिलमध्ये तेव्हा बेसबॉलला कोणी विचारत नव्हतं. 2022 साली त्यांचा संघ देशात पहिला होता आणि घरच्या मैदानावर नोटर डेमकडून हरला. 2024 मध्ये ओमाहाला पहिल्याच सामन्यात फ्लोरिडा स्टेटला 12–11 असं हरवलं आणि शेवटी टेक्सास ए अँड एमला नमवून विद्यापीठाचं पहिलंवहिलं विजेतेपद आणलं. तो आठवडा इथे टेनेसीत राहणाऱ्या कोणी विसरणार नाही, मीसुद्धा.

भाचा विचारात पडलेला असतानाच, ऑक्टोबर 2025 मध्ये बातमी आली: जायंट्सने व्हिटेलोंना थेट आपल्या मेजर लीग संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, नेमलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये ना खेळाडू म्हणून अनुभव, ना कोच म्हणून, आणि असं असून कॉलेजातून सरळ त्या खुर्चीत जाणारे ते पहिलेच. नेमणारा कोण? बस्टर पोझी, जो आता जायंट्सच्या बेसबॉल विभागाचा प्रमुख आहे. मार्टिनांच्या मैदानावर जागा बदललेला मुलगा. भाच्याने ही बातमी मला रात्री अकराला पाठवली, सोबत एक शब्द: "मामाऽऽ!"

त्याला वाटलं, उत्तर मिळालं. मी म्हटलं, थांब. ते पहिलेच आहेत, म्हणजे एकटेच आहेत. एका माणसासाठी उघडलेलं दार हे रस्त्याचं माप नव्हे.

म्हणून तिसरे, पॅट मर्फी. यांचीही सुरुवात कॉलेजात. नोटर डेमला 1988 ते 1994, मग ॲरिझोना स्टेटला 1995 ते 2009. संघ ओमाहाला नेला, 1998 मध्ये अंतिम सामना खेळला. मग कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेची चौकशी चालू असताना राजीनामा द्यावा लागला. वय पन्नास. इथे बहुतेकांची गोष्ट संपते. हे गृहस्थ सॅन डिएगो पाड्रेसच्या व्यवस्थेत शिरले आणि 2011 मध्ये ओरेगनमधल्या यूजीनला, अगदी खालच्या स्तरावरच्या छोट्या मोसमाच्या संघाचे मॅनेजर झाले. ओमाहाच्या स्टेडियममधून थेट त्या बसमध्ये. मग ट्रिपल-ए, 2015 मध्ये काही महिने पाड्रेसचे हंगामी मॅनेजर, आणि 2016 पासून मिलवॉकी ब्रूअर्समध्ये दुय्यम. तिथले मॅनेजर होते क्रेग काउन्सेल, म्हणजे नोटर डेममधला त्यांचाच विद्यार्थी. शिष्याच्या हाताखाली आठ मोसम काम केलं. 2020 मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला. काउन्सेल शिकागोला गेल्यावर, वयाच्या पासष्टीच्या तोंडाशी मर्फींना मॅनेजरपद मिळालं आणि 2024 व 2025, लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले.

चौथे वेस जॉन्सन, आणि माझ्या मते निर्णयाला यांचाच सगळ्यात जास्त उपयोग आहे. आर्कान्सा विद्यापीठात ते पिचिंग कोच होते. 2018 च्या शेवटी मिनेसोटा ट्विन्सने त्यांना थेट मेजर लीगमध्ये नेलं. एवढी उडी मिळाली तर कोणीही म्हणेल, गड जिंकला. पण जून 2022 मध्ये, ट्विन्स आपल्या गटात पहिले असताना, अर्ध्या मोसमात ते ती नोकरी सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला), परत कॉलेजात आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या हाताखाली पॉल स्कीन्स नावाचा पिचर घडला आणि एलएसयू विजेती झाली. आता ते जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य कोच आहेत.

तेव्हा कॉलेज खालची पायरी आणि मेजर लीग वरची, ही आपली समजूत मोडून टाकायला हवी. मिशिगनचे पिचिंग कोच ख्रिस फेटर डेट्रॉइट टायगर्सकडे गेले आणि तिथे रमले. वेस जॉन्सन गेले आणि परतले. 2022 मध्ये व्हिटेलोंना हरवणारे नोटर डेमचे कोच लिंक जॅरेट मार्टिनांच्याच संघातले जुने शॉर्टस्टॉप होते. ते त्यानंतर फ्लोरिडा स्टेटला, आपल्या जुन्या मैदानावर परतले. या जगात दोन्ही दिशांनी ये-जा आहे. म्हणूनच ताईला मी पहिली गोष्ट ही सांगितली की तेविसाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय कायमचा नाही.

पैसा

ताईचा प्रश्न रास्त होता, म्हणून सरळ लिहितो. वरच्या टोकाला पैसा दोन्हीकडे आहे. टेनेसीत शेवटी व्हिटेलोंना वर्षाला 30 लाख डॉलर मिळत होते. पण तो आकडा बघून तेविसाच्या मुलाने काही ठरवू नये. सुरुवातीची दहा वर्षं बघावी.

कॉलेजात कित्येक वर्षं 'व्हॉलंटिअर असिस्टंट' नावाची एक जागा होती. डिव्हिजन वनच्या प्रत्येक संघात एक. काम पूर्ण वेळ, पगार शून्य. ही माणसं उन्हाळी शिबिरं आणि खाजगी शिकवण्यांवर जगत. भाच्याच्या कॉलेजातला असा एक असिस्टंट मी पाहिलाय. इनडोअर बॅटिंग केजच्या माळ्यावर त्याची गादी होती, भिंतीला सरावाच्या दोन फंगो बॅटा टेकवलेल्या आणि तांदूळ शिजवायचा एक कुकर. रात्री नऊपर्यंत पोरांना सराव द्यायचा, मग तिथेच झोपायचा. त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण ते योग्य होतं असं मला कधीच वाटलं नाही. 1 जुलै 2023 पासून एनसीएएने ही जागा रद्द केली, आता तिसऱ्या असिस्टंटलाही पगार देता येतो. आधीच्या वर्षांबद्दल कोर्टात गेलेल्या अशा कोचेससाठी 4.9 कोटी डॉलरची तडजोड झाली. उशिरा का होईना, त्या माळ्यावरच्या गादीची किंमत कोणीतरी मोजली.

छोट्या कॉलेजात मात्र ग्रॅज्युएट असिस्टंट हाच दरवाजा. हातात येणारे पैसे थोडे, पण मास्टर्सची फी वाचते, आणि पदवी ही अशी गोष्ट आहे की कोचिंग जमलं नाही तरी ती पदरात राहते. आपल्या घरांत याला वजन आहे, आणि असावं.

मायनर लीगच्या खालच्या स्तरावर पगार ठरलेला असतो, बहुधा विम्यासकट, पण करार बहुधा वर्षावर्षाचे. एक गोष्ट लोक गफलतीने धरून चालतात: 2022 मध्ये मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले आणि 2023 पासून त्यांचे पगार वाढले. डबल-ए च्या खेळाडूला 2023 मध्ये वर्षाला किमान 30,250 डॉलर ठरले. ते खेळाडूंसाठी आहे. कोच त्या युनियनमध्ये नाहीत, त्यांना जे मिळेल ते स्वतःच्या बोलीवर. त्यामुळे पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पगार बारा महिन्यांचा की मोसमापुरता, राहायची सोय कोणाची, आणि करार कोणत्या तारखेला संपतो. आरोग्यविम्याचं म्हणाल तर अमेरिकेत मुलाला 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येतं, म्हणजे आमच्या भाच्याला तीन वर्षांची उसंत होती.

स्वयंपाकघरातली परीक्षा

आता ज्या मुद्द्यावर, माझ्या लेखी, सगळा निकाल लागतो तो.

2019 च्या शरद ऋतूत, भाचा बारावीत असताना, एका कॉलेजचा असिस्टंट कोच ताईच्या घरी आला होता. ताईने पोहे केले होते. त्या माणसाने दोनदा घेतले, कढीपत्ता म्हणजे काय ते विचारलं, आणि पहिला अर्धा तास बेसबॉलचा शब्द काढला नाही. ताईचं गाव कुठलं, मुलगा घरी कसा वागतो, अभ्यासासाठी उठवावं लागतं का, हेच विचारत बसला. मग त्याने पाकिटाच्या मागे पेनने हिशेब मांडला. त्या वेळी डिव्हिजन वनच्या संघाला पूर्ण स्कॉलरशिप मिळायच्या 11.7, आणि त्या वाटायच्या 27 मुलांत. म्हणजे कोणाला निम्मी, कोणाला पाव. "मी तुमच्या मुलाला एवढं देऊ शकतो," म्हणून त्याने एक आकडा लिहिला आणि त्याखाली घरून भरावी लागणारी रक्कमही स्वतःच लिहिली. काही लपवलं नाही. ताई त्याच दिवशी त्या कॉलेजला मनातून हो म्हणाली. ते पाकीट अजून तिच्या कपाटात आहे.

हा कॉलेज कोचिंगचा कणा आहे. कंपनीच्या भाषेत विक्री म्हणा, मी म्हणेन शब्द देणं आणि तो चार वर्षं पाळणं. आता तर हे आणखी अवघड झालंय. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्या व्यवस्थेत सामील झालेल्यांना बेसबॉलचे 34 खेळाडू ठेवता येतात आणि स्कॉलरशिपची जुनी 11.7 ची मर्यादा गेली. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे मुलगा दर वर्षी दुसरीकडे जाऊ शकतो. आपण घडवलेल्या मुलाला दर उन्हाळ्यात पुन्हा एकदा जिंकून घ्यावं लागतं. फोन खिशातून निघत नाही. ज्या कोचेसशी मी बोललो, त्यातल्या दोघांनी सांगितलं की घरच्या जेवणाच्या टेबलावर फोन उलटा ठेवायचा नियम बायकोने घातला आहे.

तरी याच कामातून काय उभं राहतं ते मी व्हँडरबिल्टच्या मैदानावर, हॉकिन्स फील्डवर बघितलंय. टिम कॉर्बिन 2003 पासून व्हँडरबिल्टला आहेत. तेही कधी व्यावसायिक बेसबॉल खेळले नाहीत. छोट्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात सुरुवात, मग क्लेमसनला असिस्टंट. त्यांच्याकडे मुलं आधी वर्गात बसतात, वही काढून टिपणं घेतात, मग मैदानावर जातात. 2014 आणि 2019 ची दोन विजेतेपदं. 2018 मध्ये जॉर्जियातला कुमार रॉकर हा पिचर, आई भारतीय वंशाची आणि वडील कॉलेजमधल्या अमेरिकन फुटबॉलचे कोच, शाळेनंतर थेट व्यावसायिक व्हायचं सोडून त्यांच्याकडे आला. पुढच्या जूनमध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकही हिट न देता 19 जणांना स्ट्राइकआउट केलं. नंतर त्याच्या वाट्याला चढउतार आले: 2021 ला मेट्सने निवडलं पण करार झाला नाही, 2022 ला टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, 2024 ला तो मेजर लीगमध्ये उतरला. आईवडिलांनी तेव्हा मुलगा कोणाच्या हाती सोपवायचा हे ठरवलं, ते असंच कुठल्या तरी घरातल्या टेबलापाशी बसून ठरवलं असणार.

म्हणून भाच्याला मी विचारलं: अनोळखी घरात जाऊन, एखाद्या आईच्या डोळ्यांत बघून, तुझ्या मुलाला मी सांभाळीन असं म्हणायला तुला आवडेल? की तुला केजमध्ये एका मुलाच्या डाव्या कोपरावर तीन तास काम करायला आवडेल? दोन्ही चांगली कामं आहेत. पहिलं आवडत नसेल तर कॉलेजात कितीही मोठं नाव झालं तरी माणूस आतून झिजतो. अशांनी निःशंक व्यावसायिक संघाकडे जावं, त्यातही आकड्यांची आवड आणि थोडी स्पॅनिश असेल तर उत्तमच. आणि ज्याच्या हाताला अजून खेळायची खाज आहे, त्याने आधी एक-दोन मोसम मेजर लीगशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये खेळून घ्यावं. अर्धं मन घेऊन कोच होऊ नये, मुलांना ते लगेच कळतं.

आपण मोठे खेळाडू नव्हतो म्हणून मोठे कोच होणार नाही, ही भीती मात्र काढून टाका. व्हिटेलो आणि कॉर्बिन समोर आहेत. आणि आपल्या शिवाजी पार्कवर आचरेकर सर होते. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले, पण त्यांच्या स्टंपवरच्या एक रुपयाच्या नाण्यासाठी सचिन घाम गाळायचा.

माझा स्वतःचा कौल छोट्या कॉलेजकडे होता आणि मी तो लपवला नाही. कारण असं: मोठ्या संस्थेत तेविसाव्या वर्षी एकाच कामाचा तुकडा मिळतो. छोट्या कॉलेजात माणसं कमी, म्हणून सगळंच अंगावर पडतं. बॅटिंग शिकवा, बोलरची षटकं मोजावीत तसे पिचरचे चेंडू मोजा, व्हॅन चालवा, ताडपत्री ओढा, मुलांच्या घरी जा. दोन वर्षांत आपल्याला काय जमतं ते कळतं आणि हातात मास्टर्स असतं. तिथून व्यावसायिक बाजूला जायचा रस्ता पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळा आहे.

भाच्याने माझं ऐकून घेतलं, पण निर्णय स्वतःच्या पद्धतीने केला. दोन्हीकडे फोन लावून त्याने एकच प्रश्न विचारला: नोव्हेंबरातल्या एका साध्या मंगळवारी मी काय करत असेन? व्यावसायिक संघाच्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं की मोसम संपलेला असेल, घरून उन्हाळ्यातलं चित्रण बघायचं, प्रत्येक मुलाचा हिवाळी सरावाचा तक्ता करायचा, स्पॅनिशचा तास. कॉलेजच्या मुख्य कोचने सांगितलं: सकाळी साडेसहाला वेट रूम उघडायची, दहाला तुझा स्वतःचा वर्ग, दुपारी दोन-दोन मुलांना घेऊन ग्राउंडर (जमिनीलगत येणारे चेंडू) अडवायचा सराव, पाच वाजता पिचरच्या माउंडची माती ओली करून ठोकायची, आणि सहानंतर अकरावीतल्या तीन मुलांना फोन, त्यातल्या एकाची आई जरा काळजीत आहे, तिच्याशी निवांत बोलायचं.

त्याने दोन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ताईच्या फ्रिजवर लावली. चार दिवस तो कागद तिथे होता. पाचव्या दिवशी त्याने डावी बाजू दुमडली आणि उजवी तेवढी ठेवली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "वेट रूमची चावी जानेवारीत मिळणार म्हणतोय," ती म्हणाली. "साडेसहाला उघडायची म्हणजे पाचला उठणार हा. तिकडे बर्फ असतो रे तेव्हा. त्याला एक चांगलं जाडं जॅकेट घेऊन दे माझ्यातर्फे."